सोड्याची गोळी आणि किडनीच्या नळ्या

"माझ्या पोटात कुठं गॅस झालाय? मग डॉक्टर सोडा खायला कशापायी सांगालेत?"

निपाणीला परत येईपर्यंत आप्पांनी हा प्रश्न तीनदा विचारला. रक्ताच्या तपासणीच्या कागदावर क्रिएटिनिनच्या, म्हणजे किडनी किती काम करते ते सांगणाऱ्या आकड्याच्या, खाली एक ओळ होती, बायकार्बोनेट १७, आणि तिच्यापुढे खाली तोंड केलेला बाण. चिठ्ठीवर लिहिले होते, सोडियम बायकार्बोनेट ५०० मिलिग्रॅम, दोन-दोन गोळ्या, दिवसातून तीन वेळा. औषधाच्या दुकानदाराने पाकीट देताना सहज सांगून टाकले की हा खायचा सोडाच आहे. तेवढ्यावर आप्पांची खात्री झाली की आपल्याला काहीतरी किरकोळ देऊन वाटेला लावले. गल्लीतही तेच मत पडले. भजी हलकी व्हावीत म्हणून चिमूटभर घालतात तो सोडा, त्याने किडनीचे काय होणार?

मी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये काम करते. आप्पांनी तीस वर्षे गुऱ्हाळावर गुळव्या म्हणून काढली. म्हणजे आम्ही बापलेक दोघेही पोटासाठी एकच काम करत आलो, आंबूस रसाला चुना लावून ताळ्यावर आणायचे. त्या गोळीचा अर्थ मला आधी शोधावा लागला आणि मग आप्पांना सांगावा लागला. सांगताना सगळे उदाहरण गुऱ्हाळाचेच निघाले. ज्यांच्या घरात किडनीचा पेशंट आहे त्यांना उपयोग होईल म्हणून ते इथे लिहिते आहे.

उसाचा ताजा रस मुळातच आंबूस असतो. त्याचा पीएच सव्वापाच-साडेपाचच्या आसपास. तसाच तापवत ठेवला तर आम्लामुळे साखरेचा रेणू फुटतो आणि गुळाला कणी धरत नाही. म्हणून काहिलीत रस तापायला लागला की भेंडीचे पाणी पडते, मळी वर येते, आणि चुन्याची निवळी घातली जाते. चुना कमी पडला तर गूळ बसत नाही, जास्त झाला तर काळा पडतो. आप्पा हे रसाच्या रंगावरून आणि फेसावरून ओळखायचे. आमच्याकडे कारखान्यात मीटर आहे. चुना आणि गंधकाचा धूर यांचा मेळ घालून रस सातच्या किंचित वर ठेवायचा, एवढ्यासाठी माणूस पाळीभर उभा असतो.

पीएच म्हणजे द्रवात मोकळे फिरणारे हायड्रोजनचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, किती आहेत याचे उलटे माप. आकडा जितका खाली, तितके आम्ल जास्त. एका अंकाने आकडा उतरला की आम्ल दहापट होते, आणि नुसत्या ०.३ ने उतरला तरी दुप्पट. हे माप १९०९ मध्ये सोरेन्सन यांनी कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत बसवले. ती प्रयोगशाळा बिअर बनवणाऱ्या कारखान्याने उभी केलेली होती. कारखान्याच्या लॅबमधून निघालेले माप आज प्रत्येक अतिदक्षता विभागात वापरले जाते, याचा मला फार आनंद वाटतो.

रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ यांच्यामध्ये असावा लागतो. हायड्रोजन आयन त्यात किती थोडे असतात ते बघा. रक्तद्रवात सोडियमचे सुमारे ३५ लाख आयन मोजावेत तेव्हा हायड्रोजनचा एक सापडतो. इतक्या थोड्या ऐवजासाठी एवढी राखण का? कारण शरीरातले प्रत्येक प्रथिन आपल्या आकारावर काम करते, आणि हा चिमुकला आयन प्रथिनाला चिकटला की आकार बदलतो. हृदयाचे स्नायू ढिले पडतात, पेशींतली कामे मंदावतात. पीएच ७ च्या खाली गेला तर जीवच धोक्यात.

आता हे आम्ल येते कुठून? बहुतेकांना वाटते, आंबट खाल्ल्याने. तसे नाही. लिंबातले सायट्रिक आम्ल शरीरात जळून जाते, त्याचा कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होते, आणि लिंबातले पोटॅशियमचे क्षार तर उलट अल्कच, म्हणजे चुन्यासारखे आम्ल मारणारे द्रव्य, मागे ठेवतात. खरे आम्ल दोन वाटांनी तयार होते.

पहिली वाट श्वासाची. अन्न जळते तेव्हा दिवसाला साधारण १५,००० मिलिमोल कार्बन डायऑक्साइड तयार होतो. मिलिमोल हे वजनाचे माप नाही, कण मोजण्याचे आहे. डझन म्हटले की बारा, तसे मिलिमोल म्हटले की ठरावीक प्रचंड संख्येने कण. हा वायू पाण्यात मिसळला की कार्बॉनिक आम्ल होते, पण फुप्फुसे ते रोजच्या रोज बाहेर सोडतात. चुलवाणाचा धूर धुराड्यातून जावा तसे. छाती धड असेल तर त्याची काळजी नको.

दुसरी वाट लहान आहे, पण तिला धुराडे नाही. डाळी, अंडी, मासे, मटण यांच्या प्रथिनांत गंधक असते. ते जळले की चक्क गंधकाम्ल तयार होते, म्हणजे गाडीच्या बॅटरीत असते तेच, अत्यल्प आणि पातळ. फॉस्फरसपासून आणखी थोडे. हे आम्ल श्वासातून उडून जात नाही. मोठ्या माणसात ते रोज, वजनाच्या दर किलोमागे साधारण एक मिलिमोल तयार होते. आप्पांचे वजन ६५ किलो, म्हणजे रोज ६५ मिलिमोलच्या आसपास.

या आम्लाला तिथल्या तिथे पकडणारा शरीराचा चुना म्हणजे बायकार्बोनेट. निरोगी माणसाच्या रक्तात ते लिटरमागे २४ मिलिमोलच्या आसपास असते. एक हायड्रोजन आला की एक बायकार्बोनेट त्याला मिठी मारते, दोघांचे मिळून पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होते, आणि तो वायू फुप्फुसातून निघून जातो. आम्ल संपले. पण चुनाही संपला. रक्त आणि पेशींबाहेरचे पाणी एवढेच धरले तर शरीरात एकूण साडेतीनशे-चारशे मिलिमोल बायकार्बोनेट असते. रोज ६५ खर्च, जमा काहीच नाही, असे चालले तर आठवड्याच्या आत घडा रिकामा. म्हणजे कोणीतरी रोज तेवढाच नवा चुना भाजून आणतो आहे. ते काम किडनीचे.

रक्ताचा पीएच बायकार्बोनेटच्या एकट्या आकड्यावर ठरत नाही. बायकार्बोनेट आणि विरघळलेला कार्बन डायऑक्साइड यांच्या प्रमाणावर ठरतो, आणि हे प्रमाण २० ला १ असावे लागते. हेंडरसन यांनी १९०८ मध्ये हा हिशेब मांडला आणि पुढे हॅसलबाल्ख यांनी तो पीएचच्या भाषेत बसवला. वरचा आकडा किडनीच्या हातात, खालचा फुप्फुसांच्या. बायकार्बोनेट उतरले की माणूस नकळत खोल आणि जोरात श्वास घ्यायला लागतो, कारण खालचा आकडाही उतरवून शरीर प्रमाण सांभाळू पाहते. आप्पांना जिना चढताना लागणारी धाप सगळी छातीची नव्हती, हे मला तेव्हा कळले.

आता किडनीत उतरूया. मूत्रपिंड हा शब्द कन्नडमध्येही हाच आहे, त्यामुळे आमच्याकडच्या दवाखान्यात निदान एवढे तरी दोन्ही भाषांत सारखे ऐकू येते. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख गाळण्या असतात आणि प्रत्येक गाळणीला एक लांब, नागमोडी, केसाहून बारीक नळी जोडलेली असते. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसात १८० लिटर द्रव गाळतात. लघवी होते दीड-दोन लिटर. बाकी सगळे नळ्या परत घेतात.

या १८० लिटरांत लिटरमागे २४ मिलिमोल बायकार्बोनेट असते. गुणाकार केला की ४,३२० मिलिमोल. मी त्याचे वजन काढले. खायच्या सोड्याच्या हिशेबाने ते ३६० ग्रॅम होते. म्हणजे दर दिवशी, किलोच्या पुड्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त सोडा आपल्या गाळणीतून खाली पडतो आणि सगळाच्या सगळा परत उचलला जातो. लघवीत जवळजवळ काहीच जात नाही. हा आकडा काढला तेव्हा मी कागद तसाच ठेवून थोडा वेळ बसून राहिले.

उचलायचा कसा? इथे पेच आहे. बायकार्बोनेटवर ऋण विद्युतभार असतो आणि नळीच्या आतल्या बाजूने त्याला पेशीत शिरायला थेट दरवाजा नाही. आमच्या भागातल्या माणसाला हा पेच लगेच समजेल. सीमाप्रश्नावरून वातावरण तापले की दोन्हीकडच्या बसगाड्या पलीकडे जायच्या थांबतात. कोल्हापूरहून आलेला माणूस सीमेवरच्या कोगनोळी नाक्याच्या अलीकडे उतरतो, नाका पायी ओलांडतो आणि पलीकडे दुसऱ्या गाडीत बसून निपाणीला पोचतो. गाडी अडते, पायी जाणाऱ्याला कोणी अडवत नाही.

नळीच्या पहिल्या वळणदार भागात हेच घडते. पेशी आपल्या आतून एक हायड्रोजन नळीत पाठवते, नाक्यावर पाहुण्याला घ्यायला घरचा मुलगा पाठवावा तसा. त्याबदल्यात सोडियमचा एक आयन आत येतो. आत यायची सोडियमला स्वतःलाच ओढ असते, कारण पेशीच्या मागच्या भिंतीतला पंप सतत सोडियम उपसून रक्ताकडे टाकत असतो आणि पेशीत त्याची कायम टंचाई असते. त्या ओढीच्या जोरावर हायड्रोजन बाहेर ढकलला जातो. बाहेर गेलेला हायड्रोजन बायकार्बोनेटला भेटतो, दोघांचे कार्बॉनिक आम्ल होते, आणि नळीच्या भिंतीवर बसलेले कार्बॉनिक अनहायड्रेज नावाचे विकर, म्हणजे क्रियेचा वेग वाढवणारे प्रथिन, त्याचे क्षणात पाणी आणि कार्बन डायऑक्साइड करून टाकते. कार्बन डायऑक्साइडवर कसलाच भार नाही. तो पायी चालणारा प्रवासी. भिंतीतून सरळ आत शिरतो.

आत त्याच विकराचा दुसरा भाऊबंद बसलेला असतो. तो उलटी क्रिया करतो, पाणी आणि कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा हायड्रोजन आणि बायकार्बोनेट वेगळे करतो. बायकार्बोनेट मागच्या दाराने सोडियमबरोबर रक्तात जाते. हायड्रोजन पुन्हा नळीकडे, पुढच्या पाहुण्याला आणायला. रक्तात पोचलेले बायकार्बोनेट म्हणजे नळीत होता तोच रेणू असे नव्हे, पण हिशेबाला एकास एक बरोबर.

हे विकर १९३३ मध्ये प्रथम रक्तातल्या लाल पेशींत सापडले. त्याच्या मध्यभागी जस्ताचा एक अणू असतो आणि एक रेणू सेकंदाला सुमारे दहा लाख वेळा ही क्रिया करू शकतो. हा वेग नसता तर द्रव नळीतून वाहून जाईपर्यंत अदलाबदल पुरीच झाली नसती. याचा पुरावा औषधाच्या कपाटात आहे. अ‍ॅसिटाझोलामाइड नावाची गोळी हे विकर बंद पाडते. ती घेतली की बायकार्बोनेट लघवीत वाहून जाते आणि रक्त किंचित आम्लाकडे झुकते. काचबिंदूत डोळ्यातला दाब उतरवायला ती देतात, आणि उंच डोंगरावर जाणाऱ्यांनाही देतात. उंचावर हवा विरळ, माणूस जोरात श्वास घेतो, कार्बन डायऑक्साइड जास्तच निघून जातो आणि रक्त अल्काकडे झुकते. मग मेंदूच श्वासाला आवर घालतो आणि प्राणवायू आणखी कमी पडतो. थोडे बायकार्बोनेट लघवीतून सोडून दिले की हा आवर सुटतो. बेळगावात मराठा लाईट इन्फन्ट्रीचे केंद्र आहे. आमच्या भागातल्या कित्येक घरांतली मुले लडाखसारख्या ठिकाणी नोकरी करून आली आहेत. त्यांच्या उंचीवरच्या श्वासाचा संबंधही याच नळीशी.

पहिल्या भागात ८० टक्क्यांहून जास्त बायकार्बोनेट परत येते. पुढे नळी खाली जाऊन वळून परत वर येते त्या हेन्लेच्या लूपच्या जाड भागात आणखी दहा-पंधरा टक्के, आणि राहिलेले थोडके शेवटच्या टप्प्यात.

आता एक गोष्ट सावकाश वाचा, कारण इथे मीही आधी चुकले होते. एवढा सगळा खटाटोप झाला, ४,३२० मिलिमोल परत आले, पण शरीरातून आम्लाचा एक कणही बाहेर गेलेला नाही. हायड्रोजन नुसता घिरट्या घालतो आहे, आत-बाहेर, आत-बाहेर. सांडलेले वेचून घेतले, एवढेच. रोज खर्च होणारे ६५ मिलिमोल भरून निघायचे आहेत ते आहेतच. त्यासाठी हायड्रोजन कायमचा लघवीतून घालवावा लागतो. एक हायड्रोजन असा कायमचा गेला की त्याच्या जोडीने पेशीत तयार झालेले बायकार्बोनेट नवे, खरोखरचे नवे, रक्ताला मिळते.

हे काम नळीच्या शेवटच्या भागात होते. तिथे काही खास पेशी असतात ज्या थेट ऊर्जा खर्च करून हायड्रोजन लघवीत उपसतात आणि मागच्या बाजूने क्लोराइडच्या बदल्यात बायकार्बोनेट रक्तात सोडतात. लघवीचा पीएच त्या ४.५ पर्यंत खाली आणू शकतात, म्हणजे रक्तापेक्षा सुमारे आठशेपट आम्ल. ऐकायला मोठे वाटते. पण मी कारखान्याच्या सवयीने हिशेब केला. पीएच ४.५ असताना एक लिटर लघवीत मोकळा हायड्रोजन असतो ०.०३ मिलिमोल. ६५ मिलिमोल घालवायला दिवसाला दोन हजार लिटर लघवी लागेल! उसाच्या दोन टनांत जेवढा रस निघणार नाही, तेवढी.

म्हणून हायड्रोजनला मोकळे न सोडता गाडीत बसवून पाठवले जाते. एक गाडी फॉस्फेटची. ती अन्नातून येते, तिची संख्या ठरलेली, मनात आले म्हणून वाढवता येत नाही. दुसरी गाडी अमोनियाची, आणि ती किडनी स्वतः घडवते. नळीच्या पहिल्या भागातल्या पेशी ग्लुटामिन नावाचे अमिनो आम्ल घेतात आणि ते मोडून अमोनियम तयार करतात. पूर्ण मोडलेल्या एका ग्लुटामिनमागे दोन अमोनियम लघवीकडे आणि दोन नवी बायकार्बोनेट रक्ताकडे. शरीरात आम्ल वाढले की हा कारखाना काही दिवसांत आपले उत्पादन कित्येक पटींनी वाढवतो. गोठ्यात शिरल्यावर नाकाला झोंबतो तो अमोनिया मात्र हा नव्हे. तो लघवीतल्या युरियाचे जंतू विघटन करतात त्यातून येतो.

गोठ्याचा विषय निघालाच आहे तर सांगते. म्हशीच्या लघवीचा पीएच सातच्या वर असतो. वैरणीत पोटॅशियमचे सेंद्रिय क्षार भरपूर, ते जळले की अल्क उरते, आणि तिच्या किडनीला आम्ल नव्हे, अल्क बाहेर टाकावे लागते. माणसाच्या नळीतही अशी उलट दिशेने काम करणारी एक पेशी आहे. ती लघवीतले क्लोराइड आत घेऊन बायकार्बोनेट लघवीत सोडते. तिच्या दाराचे नाव पेन्ड्रिन. १८९६ मध्ये पेन्ड्रेड या डॉक्टरांनी बहिरेपणा आणि गलगंड एकत्र असलेल्या आजाराचे वर्णन केले होते, त्यावरून हे नाव आले, कारण हेच प्रथिन कानात आणि थायरॉइडमध्येही असते.

हे दार कधी अडते ते उलट्यांच्या आजारात दिसते. सारख्या उलट्या झाल्या की पोटातले हायड्रोक्लोरिक आम्ल जाते, आणि रक्तात बायकार्बोनेट जास्त साठते. किडनीने ते टाकून द्यायला हवे. पण अंगातले पाणी आटलेले असते, म्हणून नळ्या सोडियम घट्ट धरून ठेवतात, आणि आपण पाहिलेच की सोडियमबरोबर बायकार्बोनेटही येते. शिवाय पेन्ड्रिनच्या दाराला बदल्यात क्लोराइड लागते, तेच उलटीत गेले. म्हणून अशा वेळी मिठाच्या पाण्याचे सलाईन लावले की, त्यात आम्ल काहीच नसताना, रक्त जागेवर येते. जुलाबात उलटे होते, आतड्यातून बायकार्बोनेटच वाहून जाते. म्हणून ओआरएसच्या पुडीत साखर आणि मिठाबरोबर सोडियम सायट्रेटही असते, जे शरीरात गेल्यावर बायकार्बोनेट होते.

आता आप्पांकडे येऊ. मधुमेह आणि रक्तदाब यांनी वर्षानुवर्षे गाळण्या आणि नळ्या झिजत गेल्या. उरलेली प्रत्येक नळी आपल्या वाटणीहून जास्त अमोनिया बनवते, पण नळ्याच इतक्या कमी की बेरीज पुरत नाही. रोज थोडे आम्ल मागे राहते. ते जाते कुठे? हाडांत. हाडे म्हणजे शरीरातला साठवलेला चुनाच, कॅल्शियम, फॉस्फेट आणि थोडा कार्बोनेट. बायकार्बोनेट कमी पडले की शरीर हाडे खरवडून आम्ल जिरवते. स्नायूंतली प्रथिनेही जास्त मोडायला लागतात. आप्पांच्या मांड्या बारीक झाल्या, ते आम्ही सगळे म्हातारपण समजत होतो. रक्तातले पोटॅशियमही चढायला लागते, आणि ते हृदयाला घातक.

काही माणसांत, काही मुलांतही, गाळण्या धडधाकट आणि दोष फक्त नळीत असतो. शेवटच्या भागातला उपसा बिघडला तर रक्त आम्ल असूनही लघवी पुरेशी आम्ल होत नाही, तिचा पीएच साडेपाचच्या खाली उतरत नाही. हाडे वाकतात, वाढ खुंटते, पोटॅशियम उतरते, आणि किडनीत कॅल्शियम फॉस्फेटचे खडे धरतात. पहिल्या भागात दोष असला तर बायकार्बोनेटच गळत राहते, आणि बऱ्याचदा त्याच्याबरोबर साखर, फॉस्फेट, अमिनो आम्लेही. मूल वाढत नाही, सारखे पाणी पिते, सारखी लघवी करते, पाय वाकडे दिसतात, तर फक्त टॉनिक देत बसू नका, रक्तातले बायकार्बोनेट आणि पोटॅशियम तपासून घ्या. अल्काचे औषध वेळेत सुरू झाले तर अशी मुले चांगली वाढतात.

आप्पांच्या गोळीचा हिशेब असा. ५०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत सहा मिलिमोल बायकार्बोनेट. दिवसाला सहा गोळ्या, म्हणजे ३६. त्यांच्या किडनीला जेवढे भरून काढणे जमत नाही, साधारण तेवढे तोंडावाटे दिले. डॉक्टरांनी किरकोळ काही दिले नव्हते, मोजून चुना घातला होता.

मात्र डबा उघडून घरचा सोडा चमच्याने घेऊ नका. सपाट भरलेल्या एका चहाच्या चमच्यात साडेचार-पाच ग्रॅम सोडा मावतो, म्हणजे पन्नासहून जास्त मिलिमोल, एका घोटात. हात थोडा सैल सुटला की गूळ काळा. शिवाय सोड्यात सोडियम आहे. आणि अल्क मिळते म्हणून किडनीच्या पेशंटला भरमसाट फळे-भाज्या, शहाळ्याचे पाणी देणेही धोक्याचे, कारण त्यांतले पोटॅशियम बाहेर टाकायला तीच थकलेली किडनी आहे. काय, किती, हे डॉक्टर रक्ताचा बाकीचा हिशेब बघून ठरवतात.

हे सगळे मी आप्पांना तीन-चार संध्याकाळी, तुकड्या-तुकड्यांनी सांगितले. कोगनोळीच्या नाक्याचे त्यांना लगेच पटले. दोन हजार लिटरवर ते बराच वेळ बोलले नाहीत. मग शेवटी त्यांनी जो प्रश्न विचारला तो गुळव्याच विचारू शकतो.

"काहिलीत घातलेला चुना थोडा मळीसंगं जातोय, थोडा गुळात ऱ्हातोय. मग ह्यो सोडा कुठं जातोय?"

बायकार्बोनेटचा भाग आम्लाला भिडून कार्बन डायऑक्साइड होतो आणि श्वासातून जातो, असे मी सांगितले. उरते सोडियम. ते किडनीनेच लघवीतून घालवायचे असते. नाही गेले तर ते पाणी धरून ठेवते, रक्तदाब चढतो आणि पायांवर सूज येते. म्हणून जेवणातले मीठ, लोणचे, पापड कमी करायला सांगितले आहे.

आप्पांनी पाय पुढे घेतला आणि दर खेपेला डॉक्टर करतात तसा अंगठा घोट्याच्या वर दाबून धरला. मग उचलला आणि खळगा राहतो का ते बघत बसले.